पट्टी कुणाची? आयर्न मेडनच्या एकाच माइकमागचे तीन गायक

हेवी मेटलच्या गायकाचं करिअर वर कसं जातं आणि मधेच धाडकन खाली का येतं हे समजून घ्यायला आयर्न मेडन या एका बँडकडं बघितलं तरी पुरतं. माइक तोच, बँड तोच, गाणी लिहिणारा मुख्य माणूसही तोच, फक्त माइकमागं उभा राहणारा बदलत गेला. पॉल डिआनो, ब्रूस डिकिन्सन, ब्लेझ बेली. तिघांच्या आयुष्याच्या तीन तऱ्हा झाल्या. फॅन लोक वर्षानुवर्षं भांडायलेत की तिघांत भारी कोण, पण त्या भांडणातून काहीच कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मी अंबाजोगाईकडचा, साउंडचं काम करतो. हरिनाम सप्ताह, लग्नं, गणपती, कॉलेजची गॅदरिंग असं सगळं. मेटल कॉलेजपासून ऐकतो, आणि आता माझा भाचा ऐकायलाय, लातूरला अकरावीला आहे, नीटच्या क्लासमधून रूमवर आला की इअरफोन लावून बसतो. त्यानं मला विचारलं, "मामा, ब्लेझला काढलं कामून? आवाज तर चांगलाय की त्याचा." प्रश्न एकदम बरोबर आहे. आवाज चांगलाच होता. अडचण पट्टीची होती, आणि पट्टी म्हणजे नुसती सुरांची पट्टी नाही, पैशाची, नावाची, बाजाराची, सगळ्याचीच. ते नीट सांगायचं म्हणून हे लिहितोय.

सप्ताहात बघा, महाराज कीर्तनाला उभे राहिले की पेटीवाला आधी पट्टी विचारतो. महाराज म्हणणार काळी दोन, की मृदंगवाला हातोडी घेऊन ठोकून ठोकून मृदंग त्या सुराला आणतो, गायनाचार्य, टाळकरी सगळे तिथंच आवाज लावतात. सलग सात दिवस ओरडून महाराजांचा घसा बसला असला तर ते नुसतं म्हणतात, आज अर्धा सूर खाली घ्या, आणि सगळे घेतात, कुणी वाद घालत नाही. म्हणजे पट्टी गाणाऱ्याची. मेटल बँडमध्ये बरोबर उलटं असतं. आयर्न मेडन १९७५ ला लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस या बेस वाजवणाऱ्यानं काढली, बहुतेक गाणी त्यानंच लिहिली, बँडवर शब्द त्याचा. गिटारींची पट्टी ठरलेली, गाण्याचा वेग ठरलेला, आणि गायकानं येऊन त्यात बसायचं. बसला तर राजा, नाही बसला तर बाहेर.

पहिला नावाजलेला गायक पॉल डिआनो. त्याच्याआधीही एकदोघं होते पण पहिले दोन अल्बम याच्या आवाजात आहेत, १९८० चा आणि १९८१ चा. खरखरीत, रस्त्यावरचा, थोडा पंक वळणाचा आवाज. पहिला अल्बम ब्रिटनच्या चार्टवर थेट चौथ्या नंबरला गेला, पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा. पण शो वाढले, देश वाढले, आणि दारू-कोकेनही वाढलं, हे त्यानं पुढं स्वतः उघडपणे सांगितलंय. १९८१ मध्येच त्याला सोडावं लागलं. त्यानंतर त्यानं बरेच बँड केले, एकही त्या उंचीला गेला नाही. २०११ मध्ये सरकारी भत्ता खोटं सांगून घेतल्याबद्दल तुरुंगात गेला. पुढं गुडघे इतके खराब झाले की व्हीलचेअरवर बसून शो करायला लागला, फॅन लोकांनी वर्गणी काढली आणि क्रोएशियात ऑपरेशनची सोय झाली. २०२२ मध्ये झाग्रेबला मेडनचा शो होता तेव्हा स्टीव्ह हॅरिस त्याला येऊन भेटला, कितीतरी वर्षांनी. २१ ऑक्टोबर २०२४ ला पॉल गेला, ६६ वर्षांचा होता. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. शेवटपर्यंत गात होता, हे लक्षात ठेवायला पाहिजे.

आता ब्रूस. हा सॅमसन नावाच्या बँडमध्ये गायचा, १९८१ च्या ऑगस्टमध्ये रीडिंग फेस्टिव्हलला त्याला मेडनच्या मॅनेजरनं गाठलं आणि पुढच्याच महिन्यात तो मेडनमध्ये. आवाज पॉलच्या अगदी उलट, उंच, मोकळा, लांबवर जाणारा. आता स्टीव्ह हॅरिसला पाहिजे तेवढं वरचं गाणं लिहिता येत होतं. मार्च १९८२ ला द नंबर ऑफ द बीस्ट हा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेला. त्या टायटल गाण्याच्या सुरुवातीला जी लांबलचक किंचाळी आहे ना, तिची गोष्ट अशी की प्रोड्युसर मार्टिन बर्च सुरुवातीच्या हळू ओळी ब्रूसकडून तासन्‌तास परत परत म्हणवून घेत होता, परत घे, परत घे, आणि ब्रूस पार वैतागला, तो सगळा वैताग त्या किंचाळीत उतरलाय.

आणि इथंच हक्काची भानगड आहे, नीट लक्ष द्या. गाण्यातून पैसा दोन वेगळ्या वाटांनी येतो. एक, ज्यानं शब्द आणि चाल लिहिली त्याला, गाणं कुठंही वाजलं, कुणीही गायलं तरी त्याला हिस्सा मिळत राहतो. दुसरी, ते विशिष्ट रेकॉर्डिंग ज्यांनी केलं त्यांची. नुसतं गाणाऱ्याला पहिल्या वाटेतून काही येत नाही, त्यामुळं अल्बमवर गीतकार म्हणून नाव आहे की नाही यावर म्हातारपण ठरतं. ब्रूस त्या १९८२ च्या अल्बमवर गातो पण लिहिणाऱ्यांत त्याचं नाव एकाही गाण्यावर नाही, कारण सॅमसनच्या काळातला करार आडवा येत होता. रन टू द हिल्सवर नाव एकट्या हॅरिसचं आहे, त्या गाण्याला माझाही हातभार होता असं ब्रूस नंतर सांगत आलाय. ज्या अल्बमनं त्याला जगभर नेलं त्यावर लेखक म्हणून तो नाहीच. पॉलची मात्र पहिल्या दोन अल्बममध्ये दोनतीन गाण्यांवर हॅरिसच्या जोडीनं नावं आहेत, रनिंग फ्री त्यातलंच. गाणाऱ्या पोरांनी आधी हे समजून घ्यावं, मग लांब केस वाढवावेत.

१९८४ ला पॉवरस्लेव्ह आला आणि त्यामागून जो दौरा निघाला तो जुलै १९८५ पर्यंत चालला, जवळपास अकरा महिने, १८० च्या वर शो. त्यातच रिओला क्वीनच्या बरोबरीनं लाखोंच्या समोर वाजवलं. बाहेरून बघितलं तर हे शिखर. आतून माणूस पिळून निघाला होता. दौऱ्यानंतर ब्रूसनं पुढच्या अल्बमसाठी साध्या, अकूस्टिक गिटारच्या चाली आणल्या, त्या बँडनं नाकारल्या, आणि १९८६ च्या अल्बमवर त्याचं लेखक म्हणून एकही गाणं नाही. माझ्या मते ब्रूसची घसरण इथून सुरू झाली, १९९३ ला नाही. लोक १९९३ धरतात कारण तेव्हा त्यानं बँड सोडली.

अकरा महिने गळ्याला काय होतं ते सांगतो, हा माझ्या कामाचा भाग आहे. स्वरतंतू म्हणजे गळ्यातल्या दोन छोट्या पट्ट्या, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरच्या. त्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आवाज निघतो. मधल्या सप्तकाच्या वरचा जो सूर मेटलवाले सहज लावतात तो सेकंदाला ४४० वेळा आपटण्याचा आहे, आणि किंचाळी त्याच्या दुप्पटीला जाते. दीडदोन तासांच्या शोमध्ये किती लाख वेळा हे होत असेल, विचार करा. वरून झोप नाही, एसीची कोरडी हवा, धूर, विमानं. तंतू सुजतात, सुजेवर जोर लावला की गाठी होतात, मग आवाज फाटतो आणि वरचे सूर सगळ्यात आधी जातात.

त्यात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू न येणं. एका गावात सप्ताहाला शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला शेजारच्या लग्नाचा डीजे सुरू होता, महाराज दोन अभंग झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, "भाऊ, माझा मला आवाज येईना गेलाय." मी त्यांच्यासमोरचा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, वाढवायला गेलो तर माइक शिट्टी मारायला लागला, मग मॉनिटरची जागा थोडी फिरवली, तीनशे हर्ट्झच्या आसपासचा घुमणारा गाळ मिक्सरवर काढला, आणि आवाज परत दिला. पाच मिनिटांत महाराज खालच्या आवाजात बोलायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो, याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, एतियेन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये तो मांडला. मेटलच्या स्टेजवर पाठीमागं ड्रम, दोन्हीकडं गिटारचे अँप, आणि त्या काळी पायाजवळचे मॉनिटर सोडून दुसरं काही नसायचं. गायक कळत नकळत रोज गरजेपेक्षा जास्त जोर लावायचा. आता कानात बसणारे मॉनिटर आलेत म्हणून आजच्या पोरांचे गळे बरे राहतात, ही फार मोठी गोष्ट आहे आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

तर ब्रूस १९९३ ला गेला. बाजारही तेव्हाच उलटला होता. सप्टेंबर १९९१ ला निर्वाणा या अमेरिकन बँडचा नेव्हरमाइंड हा अल्बम आला आणि १९९२ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या नंबरला जाऊन बसला, लोकांना फाटका स्वेटर आणि साधा आवाज आवडायला लागला, उंच किंचाळ्या आणि चामड्याचे कपडे जुने वाटायला लागले. हे मेटल गायकाच्या हातात नसतं. शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव हातात नसतो तसंच म्हणा हवं तर.

अशा वेळी ब्लेझ बेली आला, १९९४ मध्ये. वुल्फ्सबेन नावाच्या बँडचा गायक, १९९० मध्ये त्याचा बँड मेडनच्या आधी स्टेजवर वाजवायचा. आवाज जाड, खालचा, दुःख चांगलं सांगणारा. १९९५ चा द एक्स फॅक्टर ऐका, हॅरिसचा तेव्हा घटस्फोट झाला होता आणि अल्बमवर तो काळोख आहे, ब्लेझच्या आवाजाला तो एकदम बसतो. मॅन ऑन द एज हे गाणं ब्लेझनंच गिटारिस्ट यानिक गर्सबरोबर लिहिलंय, ब्रिटनमध्ये दहाव्या नंबरला गेलं. स्वतःच्या पट्टीतलं गाणं मिळालं की ब्लेझ कमी नव्हता, हे मी कुणालाही ऐकवून पटवून देईन.

पण शोमध्ये लोकांना जुनी गाणी पाहिजेत. आणि जुनी गाणी ब्रूसच्या गळ्याची, वरच्या सुरातली. बँडनं पट्टी उतरवली नाही. बऱ्याच जुन्या बँड वयाप्रमाणं गिटार अर्धा सूर खाली उतरवून घेतात, त्यात लाज काही नाही, पण मेडन तेव्हा तशा वळणाची बँड नव्हती. म्हणजे ब्लेझनं रोज रात्री दुसऱ्याच्या गळ्याची गाणी दुसऱ्याच्या पट्टीत म्हणायची. गळा दुखावला, काही शो रद्द करावे लागले. रद्द शो म्हणजे प्रमोटरचा तोटा, तिकिटांचे पैसे परत, पेपरात नाव खराब. आकडे बघा, १९९२ चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला, १९९५ चा आठव्या, १९९८ चा व्हर्च्युअल इलेव्हन सोळाव्या. अमेरिकेत मोठी स्टेडियमं सोडून छोट्या हॉलमध्ये वाजवायची वेळ आली. यातलं किती ब्लेझमुळं आणि किती निर्वाणामुळं, हे वेगळं काढता येत नाही, पण बोट दाखवायला माइकमागचा माणूस सगळ्यात सोपा, कारण लोक त्याच्याच तोंडाकडं बघत असतात. ड्रमर चुकला तर दहा लोकांना कळतं, गायकाचा सूर फाटला तर शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं. १९९९ च्या सुरुवातीला ब्लेझ बाहेर.

भाच्याचं म्हणणं होतं की मग ब्रूससारखा वरच्या आवाजाचा माणूस आणला असता तर झालं असतं. तसंही नाही. ज्यूडास प्रीस्ट या दुसऱ्या ब्रिटिश मेटल बँडनं नेमकं तेच केलं होतं, त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड १९९२ ला गेल्यावर त्यांनी टिम ओवेन्स आणला, जो त्यांचीच गाणी वाजवणाऱ्या एका अमेरिकन बँडमध्ये गायचा, सगळे वरचे सूर त्याच्याकडं होते, पट्टीत तंतोतंत. दोन अल्बम केले, १९९७ आणि २००१ ला. हॅलफर्ड २००३ मध्ये परत आला आणि ओवेन्सचं काम संपलं. लोकांना आठवणीतला आवाज पाहिजे असतो, त्याच्यासारखा दुसरा नाही. गळा जुळला म्हणून नाव जुळत नाही.

तिकडं ब्रूस बाहेर काय करत होता तेही बघा. एकट्याचे अल्बम काढले, १९९४ च्या डिसेंबरात युद्धाच्या वेढ्यात अडकलेल्या सारायेवोत जाऊन शो केला. १९९६ मध्ये नव्या जमान्याच्या वळणाचा एक अल्बम काढून बघितला, तो चालला नाही. मग १९९७ आणि १९९८ मध्ये मेडनमधला जुना साथीदार, गिटारिस्ट एड्रियन स्मिथला घेऊन परत मेटलकडं आला, आणि हे दोन अल्बम इतके दणदणीत होते की मेडनपेक्षा ब्रूसचं बरं चाललंय असं लोक म्हणायला लागले. १९९९ ला दोघंही परत मेडनमध्ये, गिटारिस्ट आता तीन. २००० मध्ये ब्रेव्ह न्यू वर्ल्ड, आणि जानेवारी २००१ ला रिओला अडीच लाखांच्या गर्दीसमोर शो. आता ब्रूस परत आला तेव्हा नोकर म्हणून नाही आला, बाहेर स्वतःचं उभं करून आला होता, त्यामुळं बोलायची ताकद वेगळी होती. माझ्या मते हाच त्याच्या आणि ब्लेझच्या नशिबातला खरा फरक आहे, आवाजाचा फरक दुसऱ्या नंबरला.

मार्च २००७ ला मेडन पहिल्यांदा भारतात आली, बेंगळुरूला पॅलेस ग्राउंडवर. १ फेब्रुवारी २००८ ला तर जगभराचा दौराच मुंबईतून सुरू केला, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला. बोइंग ७५७ विमान, त्यात बँड, माणसं, सामान सगळं, आणि विमान चालवायला ब्रूस स्वतः, कारण तोवर तो एअरलाइनचा पायलट झाला होता. परभणी-जालन्याकडची पोरं देवगिरीनं रात्रभर प्रवास करून त्या शोला गेली होती, ती आजही त्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत.

मग २०१४ च्या शेवटी ब्रूसच्या जिभेच्या मागच्या बाजूला कॅन्सर निघाला. गायकासाठी यापेक्षा वाईट जागा नाही. द बुक ऑफ सोल्सचं रेकॉर्डिंग तेव्हा नुकतंच झालं होतं, म्हणजे तो अख्खा अल्बम त्यानं गाठ असताना गायलाय. सात आठवडे किमो आणि रेडिएशन, मे २०१५ ला डॉक्टरांनी बरा झालास म्हणून सांगितलं. रेडिएशननं लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, आणि जिभेच्या मागच्या भागानंच ऊ, ओ सारखे स्वर घडतात, त्यामुळं नुसतं बरं होऊन भागत नाही, गाणं परत बसवावं लागतं. फेब्रुवारी २०१६ ला तो परत स्टेजवर होता.

ब्लेझ पण थांबला नाही. २००० पासून स्वतःचे अल्बम काढतोय, पुढं स्वतःचं लेबल काढलं, तिथून २०१६ ते २०१८ मध्ये एकाच गोष्टीचे तीन भाग अल्बम म्हणून आणले. छोटे हॉल, स्वतःच्या पट्टीतली गाणी, आणि शोच्या वेळी फॅन लोकांना भेटायला हा माणूस हमखास वेळ काढतो. मार्च २०२३ ला हार्ट अटॅक आला, बायपास झाली, आणि तरी २०२४ ला नवा अल्बम. याला घसरण म्हणायचं का, हे मी भाच्याला विचारलं तर तो गप्प बसला. मी तरी म्हणत नाही.

ऐकायचं असेल तर असं ऐका. साइन ऑफ द क्रॉस आणि द क्लॅन्समन ही दोन गाणी ब्लेझच्या काळातली आहेत, पहिलं १९९५ च्या अल्बमवर, दुसरं १९९८ च्या. आधी तिथं ऐका. मग तीच दोन्ही गाणी रिओच्या २००१ च्या शोमध्ये ब्रूसच्या तोंडून ऐका, लाइव्ह अल्बम सहज मिळतो. इअरफोन चांगला घ्या, आवाज अर्ध्यावर ठेवा, आणि ब्लेझ शब्द कुठं दाबतो, ब्रूस तोच शब्द कुठं वर नेतो, तेवढंच बघा. साइन ऑफ द क्रॉसची सुरुवातीची शांत जागा मला आजही ब्लेझचीच आवडते, आणि क्लॅन्समनमध्ये सगळी गर्दी फ्रीडम म्हणून ओरडते तिथं ब्रूस.